ईस्टर : नावाने मारलेली हाक



वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी ख्रिस्ती बांधव ईस्टर साजरा करतात. त्या पहाटेची हकीकत योहानाच्या शुभवर्तमानात आहे. रिकाम्या कबरीपाशी मग्दालिया मरीया रडत उभी असते. येशू समोर येतो, तर तिला वाटतं हा बागेतला माळी. तो तिला नुसती नावाने हाक मारतो आणि ओळख पटते. त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. तरी पुनरुत्थानाचा निरोप घेऊन तो तिलाच पाठवतो. त्याआधीच्या गुरुवारी रात्री याच येशूने कमरेला रुमाल बांधून, घंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतले होते. ते काम तेव्हा गुलामाचं.

कुणालाही कमी न लेखण्याची ही शिकवण महाराष्ट्रात जगून दाखवली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. कोकणातल्या करजगावचे हे कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. नातलग दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून टिळक साताऱ्यात राहिले आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा समूह सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. मला त्यांच्या कवितेइतकाच हा निर्णय मोठा वाटतो.

असं वागणं आपल्यालाही जमेल. कर्जत-खालापूरच्या आपल्या वाड्यांमधली कितीतरी कातकरी आदिवासी कुटुंबं ईस्टरच्या दिवसांत वीटभट्ट्यांवर राबत असतात. पावसाआधी ती परततील. तेव्हा त्यांना 'ए' म्हणू नका, नावाने हाक मारा, आणि पाणी घरातल्याच तांब्यातून द्या.