मांजराचा मधुमेह

मांजर सारखें पाणी पिऊं लागलें, पोटभर खाऊनहि वाळत चाललें, तर तो केवळ वयाचा दोष समजूं नये. मधुमेहाचींहि हींच लक्षणें होत. निदान ऐकतांच घरांतील मंडळी हबकतात. मुक्या जिवाला रोज सुई टोंचणें त्यांना क्रूर वाटतें. परंतु १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं शोधलेलें इन्शुलिन मनुष्याप्रमाणें मांजरालाहि तारतें.

तें बहुधा बारा बारा तासांनीं, खाण्याच्या वेळीं, सैल कातडीखालीं द्यावयाचें असतें. बारीक सुई मांजराला फारशी जाणवत नाहीं; थरथरतो तो देणाऱ्याचा हात. खरी दक्षता मापांत हवी. मिलिलिटरला ४० एककांचें औषध १०० एककांच्या पिचकारीनें मोजल्यास प्रमाण चुकतें. मात्रा दिली कीं नाहीं असा संशय आल्यास पुन्हा देऊं नये. एखादी चुकलेली मात्रा निभावते, दुप्पट मात्रा प्राणावर बेतते. मांजर लटपटूं लागल्यास हिरड्यांना मध चोळून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें.

दूधभात सोडून, वैद्याच्या सल्ल्यानें, मांसमासळीचा आहार ठेवावा. वेळींच उपचार झाल्यास कांहीं मांजरांची इन्शुलिनची गरजहि संपते. तोंवर प्रत्येक मात्रेची नोंद वहींत करणें, हीच त्या जिवाची खरी राखण होय.