बातमी घरपोच हवी
(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



१८ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली सरकारने अधिसूचना काढली. परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर ३० सप्टेंबरपर्यंत माफ. दहा दिवसांनी हीच मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे सीतादही करून आपण पहिली वेचणी घरात आणायची आणि नेमके तेव्हाच बाहेरच्या कापसाला दार उघडे!

हे गुपचूप झाले का? नाही. कागद सरकारच्या वेबसाइटवर होता. ज्याला कापूस विकत घ्यायचा, त्याने तो वाचला. ज्याला विकायचा, त्याला खेडा खरेदीवाल्याने तोंडी सांगितले, तेही भाव पाडताना.

त्याच हंगामात सीसीआयने हमीभावाच्या खरेदीसाठी कपास किसान ॲपवर नोंदणी मागितली. मुदत आधी ३० सप्टेंबर, मग वाढवलेली. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ८११० रुपये होता. पण नोंदणीची तारीखच ठाऊक नसेल, तर हा आकडा कोणाच्या कामाचा?

रोज दहा वेबसाइट उघडून पाहणे निंदण-फवारणीतल्या माणसाला जमणार नाही, जमू नये. त्याची गरजही नाही. वेबसाइटवर नवीन मजकूर चढला की मथळा, तारीख आणि दुवा यांची छोटी यादी आपोआप तयार करण्याची सोय १९९९ पासून आहे. तिला फीड म्हणतात. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आरएसएस. नागपुरात हे नाव घेतले की लोक हसतात, पण रेशीमबागेशी त्याचा काही संबंध नाही! काही सेवा ही यादी ठरावीक वेळाने तपासतात आणि नवीन काही आले की आपल्याला ई-मेल धाडतात. गूगलची फीडबर्नर हे काम फुकट करी. २०२१ साली गूगलने तिची ई-मेलची सोय बंद केली. फुकटाचे असेच असते. दुसऱ्या सेवा चालू आहेत. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची फीड आहे. तिथून सुरुवात करता येईल.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲप आहे की. आहे, पण तिथे गेल्या सालचा भाव आजचा म्हणून फिरतो. कोणी लिहिला, कधी लिहिला, पत्ता नाही. ई-मेलवर तारीख असते, मूळ कागदाचा दुवा असतो. अडत्यापुढे ठेवता येतो.

शरद जोशी चळवळीत येण्यापूर्वी टपाल खात्यात होते, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या जागतिक टपाल संघटनेत. टपाल वेळेवर पोचण्याची किंमत त्या माणसाला शिकवावी लागली नसेल.

आता मागणी. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना सरकारी कार्यालयाने त्यामागची सर्व तथ्ये आपणहून प्रसिद्ध करायची, आणि ती खर्च, स्थानिक भाषा व त्या भागात पोचण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग पाहून पसरवायची, असे कायदाच म्हणतो. वेबसाइटच्या कोपऱ्यात इंग्रजी पीडीएफ चिकटवली की हे काम झाले, असे आम्ही मानत नाही. सीसीआय, हवामान खाते, कापूस संशोधन संस्था, पणन मंडळ, प्रत्येकाने मराठीत फीड द्यावी आणि ज्याने ई-मेल मागितला त्याला तो पाठवावा. हवामानाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. कणीस भरल्यावर पाऊस लागला की ज्वारी काळी पडते. शुक्रवारचा सल्ला सोमवारी कळून कापणी आधी उरकता येत नाही.

तोवर आपण थांबायचे नाही. गावात एक पोरगा किंवा पोरगी निवडा. शाखेच्या नावाने एक ई-मेल पत्ता उघडा. आलेला मजकूर संध्याकाळी पारावर वाचा आणि शाखेच्या फळ्यावर तारखेसह खडूने लिहा. काटोल, नरखेड, सावनेर, हिंगणा, उमरेडच्या तालुका प्रमुखांनी आपापल्या गावांचे पत्ते पुढच्या बैठकीत आणून द्यावेत. वही टेबलावर ठेवली आहे.