पंप, नळा आणि 'वाफ'



मध्यरात्री मूल धापा टाकीत उठून बसते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "पंपाची सवय लागेल, त्यापेक्षा वाफ द्या!" या एका वाक्याचा विचार करण्यासाठी आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

प्रथम ही 'वाफ' पाहू. नेब्युलायझर हे यंत्र पातळ औषधाचे बारीक तुषार करते. तेथे पाणी उकळत नाही, म्हणून ती वाफ नव्हेच. साल्ब्युटामॉल हे औषध यंत्रातही तेच आणि पंपातही तेच. मग भेद कशात? ते पोचविण्यात. पंप दाबणे आणि त्याच क्षणी श्वास ओढणे हा मेळ लहान मुलास साधत नाही. औषध घशातच आदळते. मध्ये पोकळ नळा, म्हणजे स्पेसर, बसविला की तुषार त्यात थबकतात आणि मूल ते आपल्या नेहमीच्या श्वासाने घेते.

हा केवळ तर्क नव्हे. अनेक चाचण्या एकत्र करून पाहता, जिवावर न बेतलेल्या झटक्यात स्पेसर यंत्रापेक्षा उणा ठरला नाही. उलट मुलांना तातडीच्या कक्षात कमी वेळ राहावे लागले. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील डॉ. हेदर झार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर असे दाखविले की, पंपास घट्ट बसविलेली ५०० मिलिलिटरची साधी प्लास्टिकची बाटलीही विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. गरिबाच्या घरी हे किती मोलाचे!

मात्र रीत पाळली पाहिजे. पंप हलवावा, एका वेळी एकच मात्रा सोडावी, पाचसहा श्वास होऊ द्यावेत, मगच दुसरी. नळा साबणाच्या पाण्यात धुऊन निथळत ठेवावा; फडक्याने पुसू नये, कारण घर्षणाने वीज उत्पन्न होऊन औषध आतल्या बाजूस चिकटते.

परंतु मुलास वाक्य पुरे करवत नसेल, ओठ निळसर पडले असतील, ग्लानी येत असेल, तर घरी प्रयोग करीत बसू नये. वाटेत पंप देत तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे प्राणवायूबरोबर नेब्युलायझरचेही स्थान आहेच.

राहिली सवय. पंप वारंवार लागू लागला, तर ते व्यसन नव्हे. दमा आटोक्यात नसल्याची ती खूण होय. अशा वेळी पंप लपवू नये, मुलास डॉक्टरांकडे न्यावे, एवढीच आमची विनंती.