मावशीची सलाईन आणि नरक्यातली बुरशी

मागच्या रविवारी पेणहून रोह्याला मावशीकडे गेलो होतो. तिला आतड्याचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. गेल्या गेल्या तिने मोबाईल पुढे केला. मेसेज होता, ‘रानातली अळंबी खा, कॅन्सर पळवा.’ म्हणाली, “बघ रे, खरंय का? बाजारात आलीच आहे आता.”

मी कोड लिहिणारा माणूस, मला काय कळतंय! पण तिच्या फाईलमध्ये एका औषधाचं नाव दिसलं, इरिनोटेकॅन. ते शोधत गेलो आणि थेट आपल्या सह्याद्रीत पोचलो.

सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. फुलांना घाण वास येतो, म्हणून हे नाव. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. १९६६ मध्ये ते एका चिनी झाडात सापडलं होतं, १९७२ मध्ये मुंबईच्या शास्त्रज्ञांनी नरक्यात दाखवलं. पेशीची दुसरी पेशी होताना डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी एक एन्झाईम धागा कापतं आणि परत जोडतं. हे द्रव्य तो जोडूच देत नाही. मग भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात. इरिनोटेकॅन यातूनच तयार झालं.

पण मागणी वाढली आणि नरक्यावर कुऱ्हाड पडली. चोरटी तोड झाली.

आता खरी गंमत. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी सांगितलं, की नरक्याच्या सालीच्या आत एक बुरशी गुपचूप राहते आणि तीसुद्धा कॅम्प्टोथेसिन बनवते! म्हणजे झाड न तोडता औषध? आपल्या पिंपरीत १९५५ पासून बुरशी टाक्यांत वाढवून पेनिसिलिन बनवलं गेलंच की.

पण इथे घोडं अडलं. अशा बुरशा झाडाबाहेर काढून वाढवल्या, की पिढीगणिक त्यांच्यातलं हे द्रव्य घटत जातं. आमच्या भाषेत, कोड झाडाच्या सर्व्हरवर चालतो, लॅबच्या मशीनवर नाही. हे कोडं सुटलं, तर नरक्या वाचेल.

मावशीला म्हटलं, “बुरशीत औषध असतं हे खरं. पण तुझ्या सलाईनमधलं शुद्ध केलेलं आहे, मिलिग्रॅममध्ये मोजलेलं. अळंबीच्या भाजीत काय नि किती, कोण सांगणार? विषारी निघाली तर? केमोत आधीच ताकद कमी असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही खाऊ नकोस.”

ती सलाईनच्या सुया टोचलेल्या हाताकडे बघत म्हणाली, “म्हणजे आपल्या डोंगरातलं झाड आहे होय हे!”

तो मेसेज तिने डिलीट केला. तुमच्या घरच्या ग्रुपवर आला, तर फॉरवर्ड करण्याआधी हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात!