उपग्रहाच्या फोनवर बोलताना



तार पोचली नाही, मोबाईलची रेंज नाही, अशा काही दुर्गम गावांत ग्रामपंचायतीला उपग्रहावरून इंटरनेट मिळते. त्यावरून फोनही लावता येतो. पण बोलताना घोटाळा होतो. आपण विचारतो, "कांद्याला काय भाव?" पलीकडे सामसूम. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा विचारावं, तर नेमकं तेव्हाच उत्तर येतं. अठराशे म्हणाले की अठ्ठावीसशे, कळत नाही.

हा बिघाड नव्हे. असा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर असतो. आपला शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला तेवढाच. यंत्रांचा वेळ आणखी वेगळा. (५५० किलोमीटरच्या आसपास फिरणारे उपग्रहही आता आहेत, त्यांत हा खोळंबा फार थोडा.)

तेव्हा एक वाक्य बोला आणि थांबा. मनात एक-दोन म्हणा. आकडा सुटा सांगा, "एक-आठ-शून्य-शून्य", आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. भावात चूक झाली तर पैसा जाईल. पंपात किती मिली औषध टाकायचे हेच चुकले तर उभे पीक जळेल.

फोन चालू असताना त्याच जोडणीवर पोरांना सिनेमा लावू देऊ नका, आवाज तुटतो. छत्रीसमोर फांदी आली असेल तर छाटा. जोराच्या पावसात संपर्क क्षीण होतो, कधी जातोच. अशा रात्री गाय अडली, तर फोन लागायची वाट बघत बसू नका. डॉक्टरांकडे माणूस धाडा.