शिधा गोळा करताना

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला महापूर आला आणि मोहोळ तालुक्यात नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. अशा वेळी 1969 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांनी दारोदार शिधा गोळा करताना एक क्रम ध्यानात ठेवावा. पूरग्रस्तांची चूल भिजलेली असते, म्हणून आधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यावी. दोन्ही टिकतात, शिजवावं लागत नाही. पाणी ओसरल्यावर ज्वारी, तूरडाळ, तेल, मीठ, काडेपेटी. धान्य निवडून कोरड्या पिशवीत बांधावं, वजन वहीत नोंदवावं. मूठभर धान्यही कमी समजू नये; शिक्षणप्रसारक कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विद्यार्थी वसतिगृहांना मूठमूठ धान्यानंच हात दिला होता. आणि मुलांनो, शिधा देताना घेणाऱ्याचे फोटो काढू नका. त्याचा मान राखणं हीसुद्धा सेवाच आहे.