जून तवशाचं धोंडस

सीलिअ‍ॅक आजारात गहू आणि जवातलं ग्लुटेन लहान आतड्याला इजा करतं. मैदा, गव्हाचा रवा, शेवया सगळंच बंद. पण म्हणून घरात केक भाजायचा नाही, असं मुळीच नाही. कोकणात भाद्रपद-आश्विनात वेलीवरची तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, पिवळी, जून होतात. त्यांचं धोंडस, म्हणजे काकडीचा केकच, तांदळाच्या रव्याचं असतं, त्यात गव्हाचा कणही लागत नाही.

वाटीभर तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजा. दोन वाट्या तवशाचा कीस सुटलेल्या पाण्यासकट घ्या. ते पाणी फेकू नका, रवा त्यातच फुलतो. पाऊण वाटी गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलदोडा घाला. मिश्रण आळेपर्यंत शिजवून तूप लावलेल्या भांड्यात थापा. पूर्वी झाकणावरही निखारे ठेवत. आता ओव्हनमध्ये १८० अंशांवर कडा तांबूस होईपर्यंत ठेवा.

एक मात्र कळकळीनं सांगते. गहू दळलेल्या गिरणीत यासाठीचे तांदूळ दळू नका, घरीच मिक्सरवर रवा काढा. चाळणही वेगळी ठेवा. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला चिमूटभर कणीकही बाधते. वड्या पूर्ण गार झाल्यावरच कापा, नाहीतर भुगा होतो.